गदा आणि वजनकाटा

१९६२ साली जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय मल्लांनी तीन सुवर्णपदके जिंकली. त्यांतली दोन सांगली जिल्ह्यातल्या गड्यांची होती. कवठे पिरानच्या मारुती मानेंनी ९७ किलो गटात फ्रीस्टाइलचे सोने आणि ग्रीको-रोमनचे रौप्य घेतले. पुनवतच्या गणपतराव आंदळकरांनी ९७ किलोंच्या वरच्या, म्हणजे हेवीवेट गटात ग्रीको-रोमनचे सोने आणि फ्रीस्टाइलचे रौप्य घेतले. वजनकाट्यावरचे सर्वांत वरचे दोन गट आणि दोन्ही प्रकार मिळून चार पदके एकाच जिल्ह्यात आली. कोल्हापूर-सांगलीकडे हा पराक्रम आजही अभिमानाने सांगितला जातो आणि तो अभिमान सार्थ आहे. पण आंदळकरांची कारकीर्द गौरवगाथा म्हणून वाचून बाजूला ठेवली तर तिच्यातला मोठा धडा हातचा जातो. महाराष्ट्राने शंभर वर्षे आपले प्रेम, पैसा आणि मानाची गदा सर्वांत जड मल्लाच्या खांद्यावर ठेवली. भारताला जागतिक पदके मात्र हलक्या वजनांत मिळत राहिली. आंदळकर हे त्या प्रेमाचे सर्वांत देखणे फळ. ते प्रेम कुठवर पोहोचू शकते आणि कुठे थांबते, हेही त्यांच्याच कारकिर्दीत सर्वांत स्पष्ट दिसते.

जड मल्लाचे हे वेड केवळ आपले नाही. ज्या १९६४ साली आंदळकर ऑलिम्पिकला गेले, त्याच वर्षी फेब्रुवारीत मायामीत कॅशियस क्ले नावाच्या तरुणाने सॉनी लिस्टनला हरवून बॉक्सिंगचे हेवीवेट अजिंक्यपद घेतले. तो पुढे मोहम्मद अली झाला आणि त्याचे नाव खेड्यापाड्यांत पोहोचले. त्या वर्षीच्या फ्लायवेट विजेत्याचे नाव आज कोणाला सांगता येईल? वजनाची मर्यादा नसलेल्या गटात जो जिंकतो तो सगळ्यांत बलवान, ही समजूत माणसाच्या मनात खोल रुजलेली आहे. तरीही एक फरक आहे. बॉक्सिंगच्या जगात खालच्या प्रत्येक वजनाला स्वतःचा पट्टा, स्वतःचा विजेता आणि स्वतःची कमाई होती. आपल्या मातीतल्या कुस्तीत गदा एकच होती आणि ती वजन पाहून दिली जात नव्हती. जोड लावताना वस्ताद दोन्ही मल्लांचा अंगलोट, उंची आणि तयारी डोळ्यांनी जोखत, काटा नसे. त्यामुळे शेवटच्या कुस्तीत कोण उतरणार, हे बहुतेक वेळा मल्लाच्या आकारमानानेच ठरून जाई.

या रचनेला राजाश्रयाने बळ दिले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभारले आणि १९१२ साली ते कुस्त्यांसाठी खुले झाले. मधोमध लाल मातीचा हौदा, भोवती चढत जाणारा गोल उतार, कुठेही बसले तरी दोन्ही मल्लांचे पाय दिसतील अशी बांधणी. युरोपच्या प्रवासात पाहिलेल्या रोमच्या कलोझियमची आठवण त्यामागे होती. महाराजांनी उत्तरेतले नामांकित पैलवान आणून पदरी ठेवले, गल्लोगल्ली तालमी उभ्या राहिल्या, आणि पंजाबचा मल्ल व कोल्हापूरचा मल्ल ही जोड कुस्तीशौकिनांच्या काळजातली जोड झाली. त्या काळात या व्यवस्थेत काही खोट होती असे म्हणता येत नाही. १९१० साली गामा पैलवान लंडनला गेला. तिथे त्याने अमेरिकेच्या रोलरला हरवले, आणि पोलंडचा झिबिस्को त्याच्यासमोर दोन तासांहून अधिक वेळ मॅटला पोट लावून पडून राहिला. गामा काही अवाढव्य उंचीचा नव्हता. खुल्या गटातली भारतीय कुस्ती जगात कोणाशीही टक्कर देऊ शकते, हे तेव्हाचे वास्तव होते. शाहू महाराजांनी त्यावर विश्वास ठेवला यात नवल नाही.

आंदळकरांचा जन्म १९३५चा. पुनवत हे वारणेच्या खोऱ्यातले, आज शिराळा तालुक्यात असलेले गाव. ते कोल्हापुरात आले तेव्हा संस्थान विलीन झालेले होते. राजाचा हात गेला तरी तालमी बंद पडल्या नाहीत, कारण त्यांचा भार आता तालेवार शेतकरी, व्यापारी, गावोगावच्या यात्रा समित्या आणि हळूहळू सहकारी साखर कारखाने उचलू लागले होते. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींतला दिनक्रम मात्र तोच राहिला. पहाटे अंधारात उठायचे, हौद्यातली माती खोऱ्याने उकरून मऊ करायची, तीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेले असायचे. मग जोर-बैठका, मग लढत, एकामागून एक ताज्या दमाचे गडी अंगावर घेणे. दुपारी बदाम घोटून केलेली थंडाई, दूध, तूप आणि झोप; संध्याकाळी पुन्हा मेहनत. हेवीवेट मल्ल याच रोजच्या क्रमातून तयार होत असे, आणि तो महाग असे. शंभर किलोंचे शरीर तूप-बदामावर पोसायचे तर शेतकऱ्याच्या एका घराची ऐपत पुरत नाही. गाव, कारखाना किंवा एखादा धनिक मागे उभा राहावा लागतो. आणि जो पैसा घालतो त्याला आपला मल्ल शेवटच्या कुस्तीत दिसायला हवा असतो. आश्रयदात्याची ही साधी, समजण्याजोगी अपेक्षाच पुढे साऱ्या कुस्तीची दिशा ठरवत गेली.

१९५९ साली महाराष्ट्राला पहिला हिंदकेसरी, म्हणजे देशपातळीवरच्या कुस्ती किताबाचा मानकरी, मिळाला. सीमाभागातल्या एकसंब्याचे, कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत घडलेले श्रीपती खंचनाळे यांनी दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवले. पुढच्याच वर्षी, १९६० साली, आंदळकरांनी पंजाबच्याच खडकसिंगला हरवून तो मान कोल्हापूरकडेच ठेवला. राज्य नुकतेच जन्माला आले होते, आणि पंजाबवर लागोपाठ दोनदा मिळालेला हा विजय नव्या महाराष्ट्राच्या आत्मभानाचा भाग झाला. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने आधीच उभी राहिली होती. १९६१ साली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली. केसरी या उपाधीचे वजन तेव्हापासून वाढतच गेले. आंदळकर त्या उपाधीच्या ऐन बहराच्या काळात तिच्या शिखरावर होते.

पण जकार्तात त्यांनी जे केले, त्याला केसरीपदाच्या मोजपट्टीत जागाच नाही, आणि म्हणूनच ते नीट समजून घ्यायला हवे. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली हात घालता येत नाही आणि पायांचा वापर करता येत नाही. मातीतल्या मल्लासाठी याचा अर्थ काय होतो? पट काढायचा नाही. टांग मारायची नाही. सवारी भरायची नाही. खाली घेतलेल्या गड्याच्या पायात पाय गुंतवायचा नाही. लहानपणापासून अंगात भिनलेले अर्धे डाव बाजूला ठेवायचे आणि मान, खांदे, बगल, छाती एवढ्याच्या जोरावर समोरच्या शंभर किलोंना उचलायचे किंवा फिरवायचे. मातीतल्या मल्लाकडे यासाठी काहीच नसते असे मात्र नाही. हात खांद्यावर घेऊन पाठीवरून फेकणारा धोबीपछाड आहे. समोरच्याचा हात ओढून बगलेखालून मागे जाणारी बगलडूब आहे. सगळ्यांत मोलाची आहे ती खडाखडी: मानेवर हात टाकून, डोक्याला डोके लावून, मिनिटन्‌मिनिटे समोरच्याचा तोल चाचपत राहणे. मानेची आणि पकडीची ही ताकद हौद्यात रोज तयार होते. आंदळकरांनी ती एका परक्या नियमांच्या चौकटीत वापरली आणि सुवर्णपदक घेतले. ज्या फ्रीस्टाइलमध्ये त्यांचे सगळे डाव चालत होते, तिथे मात्र रौप्यावर थांबावे लागले. मातीतला मल्ल मॅटवर निकामी ठरतो, हे विधान आपल्याकडे फार सहजपणे केले जाते. ते या एका निकालापुढे टिकत नाही. माने आणि आंदळकर दोघेही मातीत घडले, आणि दोघांनीही दोन्ही प्रकारांत पदके घेतली.

यावर एक रास्त आक्षेप येतो. जकार्ताचे मैदान आशियाच्या पूर्ण ताकदीचे नव्हते. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला प्रवेश नाकारला, त्यावरून वादळ उठले, भारताच्या गुरुदत्त सोंधींनी या स्पर्धेच्या आशियाई या नावालाच हरकत घेतली, आणि स्पर्धा संपता संपता जकार्तातल्या भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. भारतीय फुटबॉल संघ अंतिम सामना खेळला तो हुर्यो उडवणाऱ्या प्रेक्षकांसमोर, आणि तरीही जिंकला. कुस्तीच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की आशियातली कुस्तीची महासत्ता असलेला इराण त्या वर्षी स्पर्धेत नव्हता. त्यातही हेवीवेट गटात आशियाई मल्ल मुळात थोडे. हा आक्षेप मान्य करायला हवा. तो मान्य केल्याने आंदळकर लहान होत नाहीत. समोर जे आले त्यांना त्यांनी हरवले, आणि प्रतिकूल वातावरणात हरवले. उलट हा आक्षेप माझ्याच मुद्द्याला बळ देतो. आशियात जड वजनाचे मैदान विरळ होते, म्हणून आपल्या जड मल्लांना तिथे वाव मिळाला. बॉक्सिंगमध्येही हेच दिसते: सैन्यदलातल्या हवासिंगने १९६६ आणि १९७० अशा दोन आशियाई स्पर्धांत हेवीवेटचे सोने घेतले, आणि ऑलिम्पिक पदकापर्यंत मात्र भारताचा एकही हेवीवेट बॉक्सर आजवर गेलेला नाही. आशियाच्या हेवीवेटमधले सोने आणि जगाच्या हेवीवेटमधले पदक यांच्यात जे अंतर होते, ते १९६२च्या आनंदात आपल्याला दिसले नाही.

ते दोन वर्षांनी टोकियोत दिसले. १९६४च्या ऑलिम्पिकमध्ये आंदळकर हेवीवेट गटात उतरले. तेव्हा ९७ किलोंच्या वर कसलीच कमाल मर्यादा नव्हती. १०० किलोंचा आणि १४० किलोंचा मल्ल एकाच गटात. ग्रीको-रोमनमध्ये हंगेरीचा इश्तवान कोझ्मा विजेता ठरला. उंची दोन मीटरच्या जवळ, वजन एकशेचाळीसच्या घरात. फ्रीस्टाइलचे सोने सोव्हिएत संघाच्या अलेक्सांद्र इवानित्स्कीकडे गेले, आणि १९५६चा ऑलिम्पिक विजेता, तुर्कस्तानचा हामित काप्लान, तिथे कांस्यावर राहिला. अशा गर्दीत आंदळकर पदकापर्यंत पोहोचले नाहीत. फरक एकट्या वजनाचा नव्हता. त्या वेळच्या नियमांत पराभूताला तर दंडगुण मिळतच, शिवाय गुणांवर जिंकणाऱ्यालाही एक मिळे, बरोबरी झाली तर दोघांनाही दोन-दोन, आणि सहा दंडगुण झाले की मल्ल बाहेर. चितपट करणाराच निष्कलंक राही. कोल्हापूरच्या फडात तोडीस तोड मल्लाशी तासभर झुंजून कुस्ती बरोबरीत सोडवली गेली तर दोघांचाही मान राहतो. टोकियोत तशा तीन कुस्त्या म्हणजे घरचा रस्ता. युरोपचे मल्ल वर्षभर अशाच नियमांत, अशाच वजनाच्या परदेशी मल्लांशी लढत. आपल्या हेवीवेट मल्लाला तोलामोलाचा परदेशी गडी फार तर वर्षा-दोन वर्षांनी एखाद्या स्पर्धेत भेटे. आंदळकरांना अर्जुन पुरस्कारही मिळाला, आणि तो त्यांच्या कर्तृत्वाला साजेसाच होता.

आता भारताच्या कुस्तीतल्या ऑलिम्पिक पदकांची वजने क्रमाने मांडून पाहू. १९५२, हेलसिंकी: खाशाबा जाधव, ५७ किलो. २००८ आणि २०१२: सुशील कुमार, ६६ किलो. २०१२: योगेश्वर दत्त, ६० किलो. २०१६: साक्षी मलिक, ५८ किलो. टोकियोची २०२१ साली झालेली स्पर्धा: रवी दहिया ५७, बजरंग पुनिया ६५. २०२४, पॅरिस: अमन सेहरावत, ५७. बहात्तर वर्षांत एकही पदक ६६ किलोंच्या वर नाही. थोडक्यात हुकलेली पदके पाहिली तरी चित्र फारसे बदलत नाही. हेलसिंकीतच कोल्हापूरकडचे केशव माणगावे ६२ किलोंत चौथे आले. १९७२ साली म्युनिकमध्ये सुदेश कुमार ५२ किलोंत आणि प्रेमनाथ ५७ किलोंत चौथे आले. जागतिक स्पर्धेतले भारताचे पहिले पदक १९६१चे, उदयचंद यांचे, ६७ किलोंतले. १९६७ साली दिल्लीत बिशंभरसिंगने रौप्य घेतले ते ५७ किलोंत. अपवाद आहेत आणि ते लपवायचे कारण नाही: रोम ऑलिम्पिकमध्ये माधोसिंग ७९ किलोंत पाचवे आले, १९८४च्या ऑलिम्पिकमध्ये राजिंदरसिंग ७४ किलोंत चौथे आले, आणि २०१९ साली दीपक पुनियाने ८६ किलोंत जागतिक रौप्य घेतले. पण हे अपवादही मधल्या वजनांतले आहेत. केसरीची गदा ज्या आकाराच्या माणसाला शोभते, त्या आकाराच्या भारतीयाने ऑलिम्पिकच्या व्यासपीठावर अजून पाय ठेवलेला नाही.

म्हणजे भारतीय शरीर जड कुस्तीला लायक नाही, असा निष्कर्ष कोणी काढील. तो मला मान्य नाही. गामा आणि आंदळकर हे त्याला पुरेसे उत्तर आहे. कारण संख्येत आहे. पन्नास-साठ किलोंचे चपळ, काटक तरुण आपल्या खेड्यांत अमाप आहेत; शंभर किलोंचे आणि तरीही चपळ असे फार थोडे. जिथे निवडीला वाव मोठा, तिथे उत्तम मल्ल निघण्याची शक्यता जास्त. आपण मात्र पैसा नेमका तिथे घातला जिथे वाव सर्वांत कमी होता. खाशाबांचे पुढचे आयुष्य याची साक्ष देते. हेलसिंकीहून परतल्यावर कराडकडे बैलगाड्यांची प्रचंड मिरवणूक निघाली, एवढे प्रेम लोकांनी केले. त्यानंतर १९५५ साली ते पोलिसात फौजदार म्हणून रुजू झाले आणि हळूहळू विस्मरणात गेले. १९८४ साली अपघाती मृत्यू आला, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणणाऱ्या माणसाकडे ५७ किलोंची गदा नव्हती, कारण तशी गदाच कोणी घडवली नव्हती. ज्या तालमीत खाशाबांपेक्षा केसरी मोठा, त्या तालमीतला पंचावन्न किलोंचा पोरगा काय शिकतो? वजन वाढवायला शिकतो. तूप-बदाम खाऊन, ज्या गटात तो जगात चमकला असता तो ओलांडून, ज्या गटात तो मधलाच राहील तिकडे जातो.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो आणि तो गावाकडून येतो. माळशेज घाटाच्या तोंडाशी असलेल्या मढपासून ओतूर, नारायणगाव, घोडेगाव, मंचरपर्यंत जुन्नर-आंबेगावच्या कुठल्याही गावची यात्रा पाहा. सकाळी बैलगाडा शर्यत, आणि यात्रेच्या उत्तरार्धात कुस्त्यांचा आखाडा. आधी शाळकरी पोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवर किंवा पाच-दहा रुपयांवर. मग इनाम चढत जाते, मल्ल मोठे होत जातात, हलगी जोरात वाजू लागते, आणि शेवटची कुस्ती बाहेरगावाहून बोलावलेल्या नामांकित जड मल्लांची. गर्दी थांबते ती या शेवटच्या कुस्तीसाठी. वर्गणी जमते तीही तिच्यामुळे. ती काढून टाकली तर आखाडाच उठेल, आणि आखाडा उठला की रेवड्यांवर लढणारी पोरेही उरणार नाहीत. ऑलिम्पिकचे पदक हे कुस्तीचे एकमेव प्रयोजन कधीच नव्हते; गावाला एकत्र आणणे, पोरांना व्यसनांपासून दूर ठेवणे, शरीर कमावण्याला मान देणे हे तिचे काम आहे. या म्हणण्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. आंदळकरांसारखा हिंदकेसरी नसता तर त्यांच्यानंतरच्या दोन पिढ्या तालमीत आल्याच नसत्या. पण हा युक्तिवाद शेवटच्या कुस्तीच्या बाजूचा आहे, पहिल्या कुस्तीच्या विरुद्धचा नाही. रेवड्यांवर लढणारा जो पोरगा पुढे साठ किलोंवरच राहणार आहे, त्याच्यासाठी शेवटच्या कुस्तीच्या इनामातला दहावा वाटा काढला तर गर्दी एका माणसाने कमी होणार नाही. गावाने जड मल्लाला मान द्यावाच. प्रश्न इतकाच, की त्याच्याखाली मानाची दुसरी पायरीच का असू नये?

दुसरा आक्षेप असा की आता चित्र बदलले आहे. महाराष्ट्र केसरीच्या अधिवेशनात ५७ पासून ९७ किलोंपर्यंत वजनी गट असतात, माती आणि मॅट असे दोन विभाग असतात, आणि मातीतला विजेता व मॅटवरचा विजेता यांची अंतिम लढत होते. हे सुधारणेचे पाऊल खरे. पण चांदीची गदा ज्या गटाला मिळते तो ८६ ते १२५ किलोंचा आहे, आणि वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर नाव येते ते त्याच गटाचे. खालच्या गटांत सुवर्णपदक घेतलेल्या मल्लांची नावे त्यांच्या तालुक्याबाहेर क्वचितच कोणाला माहीत असतात. गट केले, पण मान वाटला नाही.

मान वाटल्याने काय होते, याचे उदाहरण दिल्लीत आहे, आणि त्याचा धागा कोल्हापूरशी जुळतो. सतपाल हे स्वतः जड वजनाचे मल्ल, १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत १०० किलो गटाचे सुवर्णपदक विजेते. कोल्हापूरच्या मैदानांत त्यांनी आपल्या मल्लांशी गाजलेल्या कुस्त्या केल्या. आंदळकरांच्या मोतीबाग तालमीत घडलेल्या मल्लांशीही. पुढे सतपाल दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमवर वस्ताद झाले. तिथून सुशील कुमार, योगेश्वर दत्त, रवी दहिया, अमन सेहरावत बाहेर पडले. त्यांतला एकही सतपाल यांच्या वजनाच्या जवळपास नव्हता. म्हणजे वस्ताद जड मल्ल असणे ही अडचण नाही, मातीतून आलेला असणे हीही अडचण नाही. छत्रसालमध्ये लहान मुलांना मॅट मिळाला, आपल्याच वजनाचे डझनभर सोबती मिळाले, आणि ५७ किलोंचा मल्ल हा तालमीचा मुख्य मल्ल असू शकतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

मोतीबागेत आंदळकरांनी वस्ताद म्हणून जे केले तेही कमी नव्हते. हौद्याच्या काठावर बसून त्यांनी आपली सारी विद्या पुढच्या पिढीला दिली. त्यांच्या पठ्ठ्यांत सर्वांत मोठे नाव दादू चौगुले यांचे: १९७० आणि १९७१चे महाराष्ट्र केसरी, १९७३चे हिंदकेसरी, आणि १९७४ साली ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हेवीवेटचे रौप्य. गुरूने जकार्तात जे केले त्याच वाटेवर शिष्य एक खंड ओलांडून गेला. पण तेही हेवीवेटच. मोतीबागेकडे मल्ल येत ते केसरी व्हायला, आणि आंदळकरांनी त्यांना केसरी केले. मागणी जशी होती तसा पुरवठा. वस्तादाला दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्या हाती ग्रीको-रोमनच्या सोन्याचा अनुभव होता, जो त्या काळी महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाकडेच नव्हता. परिषदेने किंवा शासनाने तो वजनी गटांच्या, मॅटवरच्या, पोरवयापासूनच्या शिक्षणासाठी वापरायला हवा होता. १९६२ नंतरची वीस वर्षे त्यासाठी हाती होती. त्या काळात मॅट कोल्हापुरात दुर्मीळच राहिले.

आंदळकर सप्टेंबर २०१८मध्ये गेले, दादू चौगुले पुढच्या वर्षी. खाशाबांनंतर महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले ते २०२४ साली, आणि तेही नेमबाजीत; राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेचे. कुस्तीत ते अजून यायचे आहे. अगदी जवळ गेला तो बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे, पुण्याच्या तालमीत घडलेला. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५७ किलोंचे सोने घेतले आणि २०१९च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोंचे कांस्य. हा ६१ किलोंचा गट ऑलिम्पिकमध्ये नाही. तिथे जायचे तर त्याला चार किलो उतरून पुन्हा ५७वर यावे लागणार होते, आणि त्या वजनात दिल्लीच्या छत्रसालमध्ये रवी दहिया तयार होऊन बसला होता.